हंपी, बाबांचे गुडघे आणि दिवाळीची सुट्टी

आमच्याकडे सहलीचं ठरवायला बसलं की पहिला अर्धा तास ठिकाणांच्या नावांत जातो. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५च्या दिवाळीच्या सुट्टीसाठी, मी तो अर्धा तास वाचवला. हंपीला जायचं हे ठरलेलं होतं, कारण आईला तिथलं विठ्ठल मंदिर बघायचं होतं. पुढचं सगळं बाबांच्या गुडघ्यांवरून ठरवायचं, असं मी जाहीर करून टाकलं. बाबा शहात्तर वर्षांचे, आई एकाहत्तरची, बरोबर मी, नवरा आणि दोन मुलं. सहा माणसांत सगळ्यात हळू चालणाऱ्याला जे जमेल ते सगळ्यांनी करायचं, आणि उरलेल्यांचा उत्साह पहाटे जिरवायचा. हा नियम आधी ठरला की पुढचे निम्मे वाद होतच नाहीत.

नवऱ्याला जाता जाता बदामी, पट्टदकल आणि ऐहोळेही हवं होतं. बदामी त्याच रेल्वेमार्गावर आहे, त्यामुळे कागदावर ते सोपं दिसतं. पण बदामीच्या लेण्या म्हणजे पायऱ्या, आणि तिथून हंपी रस्त्याने तीन तासांहून जास्त. मधे सामान बांधा, खोली सोडा, नवी खोली घ्या. बदामी गळालं. थोडी धुसफूस झाली, पण एका सहलीत एकच मुक्काम ही चैन वयस्कर माणसांना फार मानवते, यावर मी ठाम होते.

तारखा काढताना माझं मुख्य साधन म्हणजे स्वयंपाकघरातलं कालनिर्णय. हवामान सगळेच बघतात. हंपीत एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, सगळीकडे उघडा खडक आणि तोही तापलेला, त्यामुळे उन्हाळ्याची सुट्टी बाद. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे दिवस बरे. पण जिथे जायचं तिथले आणि वाटेतले सणवार कुणी बघत नाही. भाऊबीज २३ ऑक्टोबरला होती, तोवर घर सोडणं शक्यच नव्हतं. १ नोव्हेंबर हा कर्नाटकचा राज्योत्सव, तिथे सुट्टी, आणि त्या वर्षी तो शनिवारी आला होता. म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासून अख्खं बंगळुरू हंपीत. शिवाय सीमाभागातली मराठी माणसं तो दिवस काळा दिवस म्हणून पाळतात, त्या सुमारास वातावरण तापलेलं असतं. फेब्रुवारी २०२५मध्ये एका बस चालकावरच्या हल्ल्यानंतर दोन्ही राज्यांमधल्या बसगाड्या काही दिवस थांबल्या होत्या, ते लक्षात होतंच. आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच कार्तिकी एकादशी. आमची गाडी कुर्डुवाडी-सोलापूरवरून जाणारी. पंढरपूरची गर्दी त्याच फलाटांवर उतरते. या सगळ्यातून जी फट उरली ती २७ ते ३० ऑक्टोबर. सोमवार ते गुरुवार. शुक्रवार टळला हेही बरंच झालं, कारण कमलापूरचं पुरातत्त्व संग्रहालय शुक्रवारी बंद असतं.

आता गाडी. बसचा विचार एकदा झाला. बाबा पंचाहत्तरीच्या पुढचे, त्यांना एसटी मोफत. आम्हा बायकांना अर्धं तिकीट. पण ही सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरती. कर्नाटकात बायकांना मोफत प्रवास आहे तो तिथल्या रहिवासी बायकांना, आपल्याला नाही. आणि रात्रभर बसून प्रवास हे गुडघ्यांच्या नियमात बसेना. रेल्वेची ज्येष्ठांची भाड्यातली सवलत मार्च २०२०पासून बंद आहे, तरी आडवं होता येतं हे महत्त्वाचं.

मुंबई-होसपेटे एक्सप्रेस मुंबईहून रात्री नऊनंतर सुटते आणि आमच्या पुण्याला येईपर्यंत बारा वाजून गेलेले असतात. इथे तारखेचा घोळ होतो. रविवारी रात्री जेवून निघायचं म्हणून २६ तारखेचं तिकीट काढलं, तर पुण्यात त्या तारखेची गाडी आदल्या रात्रीच निघून गेलेली असते. पुण्याहून चढायचं तर तिकिटावर २७ तारीख हवी. मध्यरात्रीनंतर येणाऱ्या कुठल्याही गाडीसाठी घरातल्या सगळ्यांना वार आणि रात्र बोलून दाखवा: ‘रविवारी रात्री घरातून, सोमवारी उजाडायच्या आत गाडीत.’

आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं. पूर्वी एकशे वीस दिवस होते, १ नोव्हेंबर २०२४पासून साठ झाले. हे दिवस गाडी सुरुवातीच्या स्टेशनातून ज्या तारखेला सुटते त्या तारखेपासून मोजायचे. मुंबईहून २६ ऑक्टोबरला सुटणाऱ्या गाडीचे साठ दिवस मागे मोजले तर येते २७ ऑगस्ट. गणेश चतुर्थी! सकाळी आठ वाजता आरक्षण उघडणार, आणि आठ वाजता आमच्याकडे गुरुजी येणार. मी गुरुजींना साडेआठची वेळ मागून घेतली. त्यांनी कारण विचारलं, मी सांगितलं, ते म्हणाले, ‘कोकणच्या गाड्यांसाठी आम्हीही हेच करतो, ताई.’

खरं काम आदल्या रात्री झालं होतं. खात्यात सगळ्या प्रवाशांची नावं, वयं, ओळखपत्रावर आहेत तशीच भरून ठेवली. आठ वाजता टाइप करत बसायचं नाही, फक्त नावांवर टिचकी मारायची. खातं आधारशी जोडून घेतलं. तत्काळ तिकिटासाठी ते १ जुलै २०२५पासून सक्तीचं झालं होतंच, आणि ऑक्टोबरपासून नेहमीच्या आरक्षणाची सुरुवातीची वेळही आधार जोडलेल्यांनाच मिळू लागली. तेव्हा हे काम सुट्टीची वाट न बघता आजच उरकलेलं बरं.

आणि सगळ्यात कामाची गोष्ट: सहा जणांचं एकच तिकीट काढायचं नाही. खालच्या बर्थचा जो ज्येष्ठांसाठी वेगळा कोटा असतो, तो एका तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असतील आणि दोघेही पात्र असतील तरच मिळतो. पुरुष साठ वर्षांचे, बायका पंचेचाळीसच्या. नातवंडांना बरोबर घेऊन आजी-आजोबांचं तिकीट काढलं की तो कोटा गेलाच. म्हणून आई-बाबांचं तिकीट वेगळं, त्या कोट्यातून. आम्हा चौघांचं वेगळं. मी शेहेचाळीसची, म्हणजे रेल्वेच्या लेखी मीही त्या कोट्यात बसते, हे वाचून नवऱ्याने पुढचे दोन दिवस मला ‘आजी’ म्हणायचं सोडलं नाही. आई-बाबांना समोरासमोरच्या खालच्या बर्थ मिळाल्या. आमच्यापैकी दोघांचं आरएसी आलं, ते पुढे कन्फर्म झालं. तत्काळच्या भरवशावर वयस्कर माणसांचा प्रवास ठेवू नये असं माझं मत. तत्काळमध्ये हा कोटा नसतो आणि कन्फर्म झालेलं तत्काळ तिकीट रद्द केलं तर पैसे परत मिळत नाहीत.

मधल्या स्टेशनवरून चढणाऱ्यांनी आणखी एक बघावं. वेटिंगच्या आधी पीक्यूडब्ल्यूएल, म्हणजे मधल्या स्टेशनांच्या सामायिक कोट्यातलं वेटिंग, असं आलं तर ते फार हलत नाही. अशा वेळी गाडी जिथून सुटते तिथूनचं तिकीट काढून चढायचं स्टेशन म्हणून आपलं नाव टाकता येतं. भाडं थोडं जास्त जातं, तारीख आदल्या दिवशीची येते, पण जीएनडब्ल्यूएल असं साधं वेटिंग मिळालं तर आशा असते.

मुक्कामाला तीन पर्याय होते. होसपेटे हे मोठं गाव, स्टेशनजवळ, पण हंपी तिथून तेरा किलोमीटर, रोज ये-जा. हंपी गावातली घरगुती राहण्याची ठिकाणं विरूपाक्ष मंदिराच्या अगदी जवळ, पण गल्ल्या अरुंद, जिने उभे. कमलापूर मधोमध. संग्रहालय आणि राणीवशाचा भाग तिथून जवळ, आणि दुपारी परत येऊन पाठ टेकता येते. आम्ही कमलापूर घेतलं. खोली ठरवताना मी फोटोंवर वेळ घालवत नाही, फोन करते. तळमजल्याची खोली आहे का? कमोड आहे का? गरम पाणी किती ते किती? गाडी दारापर्यंत येते का, की सामान घेऊन चालायचं? ही उत्तरं ऐकताना पलीकडचा माणूस अडखळला की पुढचा नंबर. लोकांचे अभिप्राय वाचायचे ते सगळ्यात नवे आधी लावून, आणि चांगले-वाईट सोडून ‘आई’, ‘आजोबा’, ‘जिना’ असे शब्द शोधून.

नकाशा हाही गुडघ्यांच्या बाजूने वाचावा लागतो. विरूपाक्ष मंदिर ते विठ्ठल मंदिर हे अंतर नकाशावर दोनेक किलोमीटर दिसतं. ती नदीकाठची पायवाट आहे, खडकांतून चढउतार करत जाणारी. मुलांना मजा, बाबांना अशक्य. गाडीने जायचं तर कमलापूरकडून मोठा वळसा घालून जावं लागतं, आणि तिथेही गाडी मंदिरापासून सुमारे एक किलोमीटर अलीकडे थांबते. पुढे बॅटरीवरच्या गाड्या. त्यातल्या बऱ्याच बायका चालवतात. सकाळी मंदिर उघडतानाच पोचलो म्हणून रांग नव्हती. दहानंतर परतीच्या गाडीसाठी उन्हात उभं राहावं लागतं, ते टळलं.

तिकिटाचंही एक गणित आहे. भारतीयांना चाळीस रुपये, ऑनलाइन काढलं तर पस्तीस, पंधरा वर्षांखालच्या मुलांना लागत नाही. पण तेच तिकीट त्याच दिवशी विठ्ठल मंदिर, कमळ महालाचा राणीवसा आणि कमलापूरचं संग्रहालय या तिन्हींना चालतं. म्हणून तिन्ही एकाच दिवशी लावले: सकाळी विठ्ठल मंदिर, मग जेवण आणि झोप, चारच्या सुमारास संग्रहालय नि कमळ महाल. सगळी सपाट जमीन.

विठ्ठल मंदिरात मुलं पन्नासच्या नोटेवरचा दगडी रथ नोटेशी ताडून बघत होती. आई मात्र गाभाऱ्यापाशी जाऊन उभी राहिली. आत मूर्ती नाही. कृष्णदेवरायाने पंढरपूरचा विठोबा इथे नेला आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी तो परत आणला, ही कथा ती लहानपणापासून ऐकत आलेली. गाईड तिला खांबांबद्दल सांगायला लागला तेव्हा तिनेच त्याला भानुदासांची गोष्ट सांगितली, मोडक्या हिंदीत, पाऊण तास. गाईड घ्यायचा तर पर्यटन खात्याचं ओळखपत्र असलेला घ्या आणि ‘आम्ही मधे मधे बसणार’ हे पैसे ठरवतानाच सांगा. आमच्या गाईडने ते फार मनावर घेतलं. प्रत्येक ठिकाणी आधी सावली शोधायचा, मग इतिहास.

नदीतल्या गोल टोपल्यांसारख्या होड्यांवर, म्हणजे हरिगोलांवर, मुलांचा डोळा होता. पण धरणातून पाणी सोडलेलं असलं की त्या बंद राहतात. पावसाळ्यानंतरच्या दिवसांत मुलांना ते कबूल करून नेऊ नये. पलीकडच्या आनेगुंदीला आता पुलावरून गाडी जाते, ते पुरेसं आहे. तिथल्या अंजनाद्रीला पाचशेच्या वर पायऱ्या. बाबांनी खालूनच नमस्कार केला आणि चहाची टपरी शोधली.

उरलेला उत्साह पहाटेच्या वाट्याला आला. नवरा आणि मुलं मातंग डोंगरावर सूर्योदयाला गेली, अंधारात टॉर्च घेऊन, रिक्षावाल्याला आदल्या संध्याकाळी सांगून ठेवलेलं. ती परत येईपर्यंत आमची तिघांची इडली-वडा आणि दुसरी कॉफी झालेली. संध्याकाळसाठी हेमकूट टेकडी आहे. चढ इतका बेताचा की बाबा काठी टेकत वर आले, आणि सूर्यास्त तिथूनही तोच दिसतो. माकडांपासून मात्र पिशवी सांभाळा. आमची केळी गेली.

गाडीत जेवणाची व्यवस्था शोधत बसायला नको म्हणून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घरूनच घेतली होती. औषधं दोन पिशव्यांत विभागून, डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या फोटोसकट. हंपीच्या खडकांत मोबाइलची रेंज मधेच जाते, त्यामुळे नकाशा आधीच उतरवून ठेवलेला, आणि थोडे सुटे पैसे. परतीच्या दिवशी एनटीईएस या रेल्वेच्या गाड्यांची ताजी माहिती देणाऱ्या सेवेवर गाडी कुठवर आली आणि आपला डबा फलाटावर कुठे लागणार ते बघून घेतलं. हे शेवटचं कंटाळा न करता बघाच: होसपेटेला गाडी आली तेव्हा आमचा डबा बरोबर बाबांच्या बाकड्यासमोर थांबला, आणि त्यांनी माझ्याकडे न बघता नातवाला सांगितलं, ‘हे मीच मोजलं होतं.’