जाहीर नोटिशीचा कागद

वडिलांनी मजकूर घरूनच लिहून आणला होता. 'आमचा मुलगा आमच्या सांगण्यात नाही. यापुढे त्याच्याशी आमचा कोणताही संबंध नाही. त्याच्याशी कोणी व्यवहार केल्यास आम्ही जबाबदार राहणार नाही.' म्हणाले, "मॅडम, एवढं पेपरात छापून द्या." मुलगा शेजारीच बसून स्कूटरच्या किल्लीशी चाळा करत होता. वय सोळा वर्षं दहा महिने.

मी वकील. अशा नोटिसा माझ्याकडे येतात, पण कमावत्या, सज्ञान मुलांच्या. अज्ञान, म्हणजे अठराच्या आतल्या मुलाची, तीही त्याच्यादेखत, पहिल्यांदाच आली.

"मलाही तेच हवंय," तो म्हणाला. अमेरिकेत मुलं कोर्टात जाऊन आईबापांपासून मोकळी होतात, असं त्याने मोबाइलवर पाहिलं होतं. तिथल्या अनेक राज्यांत तशी सोय आहे, हे खरंच. आपल्याकडे ती नाही. अठरा पूर्ण होईपर्यंत मूल अज्ञानच, आणि पेपरातल्या चार ओळींनी पालकत्व संपत नाही. त्याला वाऱ्यावर सोडलं, तर बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख दंड, किंवा दोन्ही. खर्च नाकारला तर पोटगीसाठी तो त्यांच्यावरच अर्ज करू शकतो. मी हे जरा तावातावानेच सांगितलं. राग आला होता मला.

मग किल्लीकडे बोट दाखवून विचारलं, "गाडी कुणाच्या नावावर?"

"माझ्या."

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेलं कलम १९९अ त्यांना ठाऊक नव्हतं. अज्ञान मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर दोषी पालक किंवा गाडीचा मालक धरला जातो: तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, वर्षभर गाडीची नोंदणी रद्द. शिवाय मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. वडील नुसते बघत राहिले. दोन महिन्यांत पोराने दोनदा गाडी ठोकली होती, घरातले पैसे उचलले होते, चार रात्री बाहेर काढल्या होत्या. त्यांचा थकवा खोटा नव्हता. मी समुपदेशनाचं बोलले, बालकल्याण समितीचं बोलले.

आई तोवर गप्पच होती. एकदम म्हणाली, "आणि अठरा झाल्यावर?"

"मुलगा धडधाकट असेल, तर पोसायची सक्ती तिथे संपते."

"म्हणजे चौदा महिने," आई म्हणाली.

किल्लीचा आवाज थांबला. मुलगा आईकडे बघत होता. हे उत्तर मी त्याला बाहेर बसवून द्यायला हवं होतं.

जाताना त्याने किल्ली वडिलांपुढे ठेवली. कुणी मागितली नव्हती.

कागद टेबलावरच राहिला. दोन मिनिटांनी मुलगा एकटाच परत आला.

"हा आधी कुठे दिला नाहीये ना छापायला?"

"नाही रे."

त्याने कागदाची घडी केली आणि खिशात घातली.