आमची वाटचाल: पिन काढायचं काम आमचंच

बेळगाव म्हटलं की लोकांना फाउंड्री आठवते. आम्ही उद्यमबागेत गाळा घेतला तो वाफेच्या पाईपिंगसाठी. घटप्रभा-कृष्णाकाठच्या साखर कारखान्यांत को-जनरेशन, म्हणजे वाफेवर वीजही बनवणं, येत होतं. भागीदार हुक्केरीकडचे एक जुने फिटर, सगळ्यांचे मामा. भांडवल म्हणाल तर ओळंबा, लेव्हल ट्यूब आणि चेन पुली. लाईन थंड असताना मामा प्रत्येक शूच्या (पाईप ज्यावर टेकतो आणि सरकतो त्या पायाच्या) कडेला खडूने रेघ मारायचे आणि वाफ सोडल्यावर पट्टी घेऊन पुन्हा फिरायचे. पाईप किती सरकेल हा कॉम्प्युटरचा आकडा त्या रेघेशी जुळला तरच मान डोलवायचे.

500 अंशांची वाफ गेली की पाईप मीटरमागे 6 मिलिमीटरहून जास्त वाढतो. शंभर मीटरच्या लाईनला ही वाढ दोन फुटांवर जाते. ती लूपमध्ये, म्हणजे मुद्दाम दिलेल्या बेंडच्या वळणात, जिरवली नाही तर टर्बाइनच्या नोझलवर, म्हणजे पाईप जोडायच्या तोंडावर, येते. पाईपिंगचा बी31 हा अमेरिकन कोड म्हणूनच दोन ताण वेगळे धरतो. वजनाचा आणि दाबाचा ताण एसएचमध्ये, म्हणजे गरम धातूला चालणाऱ्या ताणात, बसलाच पाहिजे, कारण तो सतत असतो. वाढीच्या ताणाला 1.25 एससी (एससी म्हणजे थंड धातूला चालणारा ताण) अधिक 0.25 एसएच इतकी मुभा, कारण तो पाईपला थकवून मारतो, एका झटक्यात नाही. ही पूर्ण मुभा 7000 फेऱ्यांपर्यंत, म्हणजे रोज एकदा गरम-थंड धरलं तर 19 वर्षं.

आमच्या एका स्पर्धकाला हे कधी मान्यच नव्हतं. ‘एवढे बेंड कशाला? सरळ न्या, पाईप वाचतो, वेल्ड वाचतात,’ असं तो खरेदी समितीला सांगायचा, आणि समितीला ते पटायचं.

एका कारखान्यात लाईन आमची आणि चालू करून देण्याचं काम त्याचं, असा घोळ झाला. हायड्रोटेस्ट, म्हणजे पाणी भरून दाबाची चाचणी, देऊन आम्ही बाहेर पडलो. ऐन गाळपात टर्बाइन व्हायब्रेशनमुळे ट्रिप होऊ, म्हणजे आपोआप बंद पडू लागलं. शाफ्टची अलाइनमेंट मशीन थंड असताना बरोबर, गरम झालं की बाहेर. दोष आमच्या डिझाइनवर आला, बिल अडकलं, बँकेचे हप्ते थकले. मामांनी घरचं सोनं गहाण ठेवून वेल्डरांचे पगार दिले.

तेव्हा पाठीशी उभे राहिले ते आमचे पहिले गिऱ्हाईक, दुसऱ्या कारखान्याचे निवृत्त चीफ इंजिनिअर. स्वतःच्या गाडीने आले, आमचा रिपोर्ट हातात घेऊन लाईनखालून चालले. नोझलजवळच्या स्प्रिंग हँगरपाशी, म्हणजे पाईप स्प्रिंगवर तोलून धरणाऱ्या आधारापाशी, थांबून म्हणाले, ‘मामा, काटा बघा.’ लाईन पूर्ण गरम, आणि काटा थंड खुणेवरच. टेस्टच्या वेळी स्प्रिंग जखडून ठेवणाऱ्या आणि नंतर काढायच्या लॉक पिना तशाच होत्या, वर रंगही मारलेला. स्प्रिंगच हलत नव्हतं, मग पाईपने जायचं कुठे? पिना काढल्या, अलाइनमेंट पुन्हा केलं, टर्बाइन शांत झालं. आमच्यावरचा ठपका मात्र लेखी कुणी मागे घेतला नाही. रिटेन्शनची, म्हणजे बिलातून राखून ठेवलेली, रक्कम अजून यायची आहे.

नव्या पोरांनो, सॉफ्टवेअर जरूर शिका, पण सपोर्ट खरोखर तसा बसलाय का ते साइटवर जाऊन बघा. प्रत्येक हँगरचा थंड आणि गरम काटा वहीत लिहा. मालकांनो, कोटेशनसोबत पाईपमधल्या ताणांचा हिशोब, म्हणजे स्ट्रेस रिपोर्ट, मागा आणि त्यात नोझलवरचे लोड टर्बाइनवाल्याच्या मर्यादेत आहेत का, ते पहिलं बघा.

आता आमच्या प्रत्येक कोटेशनमध्ये पिना काढणं आणि गरम लाईनची पाहणी आमच्याकडेच असते. त्या ओळीवर आम्ही घासाघीस करत नाही.