नावाचा रकाना

मेलेल्या माणसाचं नाव चुकलं तर जिवंत माणसं किती चिडतात, हे चर्चच्या ऑफिसात बसल्याशिवाय कळत नाही. ‘जोसेफ’चा ‘जोसफ’ झाला म्हणून एक बाई वर्षभर माझ्याशी बोलत नव्हत्या. मिस्सा म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना; ती कुणाच्या नावाने आहे, याची नोंदवही मी अठरा वर्षं सांभाळते आहे. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात फोन खाली ठेवायची सोय नसते. बाबांचं मधलं नाव राहिलं, मावशीचं माहेरचं आडनाव घाला, काकांचं नाव आत्याच्या आधी का वाचलं.

२ नोव्हेंबर हा आमच्याकडे सर्व मृतांच्या स्मरणाचा दिवस. फ्रान्समधल्या क्लूनीच्या मठाचे प्रमुख ओदिलो यांनी इसवी सन १०००च्या आसपास आपल्या मठांना हा दिवस लावून दिला आणि तिथून तो सगळीकडे गेला. मठांत मृतांच्या याद्या असत, ज्याची पुण्यतिथी त्याचं नाव त्या दिवशी वाचलं जाई. म्हणजे याद्या सांभाळणारं कुणीतरी तेव्हाही होतंच. त्याला कुणाकुणाची बोलणी खावी लागली असतील, असा विचार माझ्या मनात दर वर्षी येतो. १९१५ साली, महायुद्ध पेटलेलं असताना, पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी प्रत्येक धर्मगुरूला या दिवशी तीन मिस्सा करायची मुभा दिली: एक ज्याच्यासाठी सांगितली असेल त्याच्यासाठी, एक सगळ्या मृतांसाठी, एक पोपच्या हेतूंसाठी. भाविकांना वाटतं, तीन मिस्सा म्हणजे तीन जागा मोकळ्या. तसं नाही, हे समजावण्यात माझा निम्मा दिवस जातो.

त्या दिवशी दुपारी रांग संपली तरी एक गृहस्थ बाकावर बसून होते. चेहरा ओळखीचा. रविवारी सर्वांत मागे बसतात आणि आशीर्वाद झाला की सर्वांत आधी निघतात. रेल्वेत ड्रायव्हर होते, आता निवृत्त, एवढंच मला माहीत.

“ताई, ती सलग तीस मिस्सांची पद्धत असते ना, ती हवी आहे.”

ग्रेगोरियन मिस्सा. पोप पहिले ग्रेगरी यांच्या मठात युस्तुस नावाचा एक भिक्षू होता. मरताना त्याने लपवलेली तीन सोन्याची नाणी सापडली. मठात कुणाचं स्वतःचं काही नसतं, त्यामुळे ग्रेगरी भयंकर संतापले, पण पुढे त्यांना दया आली. त्यांनी तीस दिवस, एकही दिवस न चुकवता, त्याच्यासाठी मिस्सा करायला लावली. तिसावी झाली आणि युस्तुस आपल्या भावाला दिसला, आता सुटलो म्हणाला. ही हकिगत ग्रेगरींनी स्वतः लिहून ठेवली आहे. पद्धत तेव्हापासूनची.

“तीस दिवस ओळीने, एकाच माणसासाठी,” मी म्हटलं. “आपल्याकडे नोव्हेंबरात जमणार नाही. एखाद्या मठाला विचारता येईल. कुणासाठी?”

“नऊ जण आहेत.”

मी मनातल्या मनात नऊ त्रिक सत्तावीस केलं. दोनशे सत्तर मिस्सा. हसू आलं, ते गिळलं.

त्यांनी खिशातून एक छोटी वही काढली, किराण्याच्या हिशेबाची असते तशी. कडा मळून काळ्या झालेल्या. नऊ ओळी. प्रत्येक ओळीत तारीख, वेळ आणि एक आकडा, मधे तिरपी रेघ. नावाच्या जागी काहीच नाही.

“हे काय?”

“किलोमीटरचे खांब. गाडीखाली कुणी आलं की कंट्रोलला जागा सांगावी लागते. कागद भरायचा आणि गाडी पुढे न्यायची. ब्रेक मारला तरी गाडी जाते तेवढी जातेच, तुमच्या हातात राहतो तो फक्त हॉर्न. नाव कुणाला तरी कळतं. आम्हाला नाही.”

मी काय बोलणार! मी नियमांचा आधार घेतला. घाबरले की मी तेच करते. “नावं नसतील तर आपण सर्व मृतांसाठी अशी एक मिस्सा लिहितो.”

“सर्व नाहीत हो. नऊच.”

“मग नऊ जणांची मिळून एक?”

“ते मिळून गेले नाहीत, ताई. एकेकटे गेले.”

मी पेन खाली ठेवलं. मी एरवी जो नियम लोकांना ऐकवते, तोच त्यांनी न कळत माझ्यापुढे ठेवला होता: ज्याच्यासाठी वेगळी मिस्सा सांगितली, त्याची वेगळीच व्हायला हवी, अर्पणाची चार पाकिटं एकत्र करून भागवायचं नाही.

तरी मी एक प्रश्न विचारलाच, आणि त्याची मला अजून लाज वाटते. “ते कॅथलिक होते का, काही कल्पना?”

“कसं कळणार? एक बाई होती, मी गाडीवर नवीन होतो तेव्हाची गोष्ट. तिने माझ्याकडे बघितलं. तिचं मुद्दाम होतं. बाकीचे रूळ ओलांडत होते की काय, मला माहीत नाही.” थोडं थांबून म्हणाले, “चालत नसेल तर राहू द्या.”

माझ्या आजीच्या काळी आत्महत्या केलेल्याला चर्चचं दफन नाकारलं जाई. १९१७च्या धर्मसंहितेत तसं कलमच होतं. १९८३च्या संहितेतून ते गेलं, आणि कॅथलिक धर्मशिक्षणाच्या आजच्या अधिकृत ग्रंथात स्पष्ट म्हटलं आहे की अशा माणसांच्या तारणाविषयी आशा सोडू नये, चर्च त्यांच्यासाठी प्रार्थना करतं. हे मला पाठ आहे. पण पाठ असणं आणि त्या वहीतली ती ओळ समोर असणं यात फरक असतो.

मी आत जाऊन फादरांना बोलावलं. ते तरुण आहेत, ऑफिसच्या कामाला कंटाळतात, त्यामुळे लवकर निर्णय देतात. त्या दिवशी मात्र ते खुर्ची ओढून बसले आणि वही पहिल्या ओळीपासून वाचली. मग मला म्हणाले, “कलम ९०१. जिवंत असो वा मेलेला, धर्मगुरू कुणाहीसाठी मिस्सा अर्पण करू शकतो. कुणाहीसाठी.” शेवटचा शब्द त्यांनी माझ्याकडे बघून म्हटला, असं मला वाटलं.

त्या गृहस्थांना त्यांनी बायबलमधल्या मक्काबी ग्रंथातला प्रसंग सांगितला. मृतांसाठीच्या प्रार्थनेचा विषय निघाला की आम्ही त्याच पानावर जातो, पण त्यातली गोम मी कधी नीट पाहिली नव्हती. लढाईत पडलेले सैनिक पुरायला ज्यूंचा सेनापती यहूदा याची माणसं गेली, तर प्रत्येक मृताच्या कपड्याखाली परक्या देवांचे ताईत निघाले. धर्माने निषिद्ध. यहूदाने त्यांना टाकून दिलं नाही. सगळ्यांकडून वर्गणी काढली, चांदीच्या दोन हजार द्राख्मा, आणि त्यांच्या पापासाठी यज्ञ व्हावा म्हणून यरुशलेमला पाठवल्या. “आपण ज्या प्रसंगाचा आधार घेतो,” फादर म्हणाले, “तो चांगल्या भाविकांचा नाहीच मुळी.”

गृहस्थांनी मान हलवली. त्यांना आधाराची गरज होती असं मला वाटत नाही. ती मला होती.

मग तारखा. नोव्हेंबर, डिसेंबर भरलेले, जानेवारीत चार, फेब्रुवारीत पाच. घेतलेली मिस्सा वर्षाच्या आत व्हायला हवी, तेवढं पाळलं जात होतं. “उशीर होतोय,” मी म्हटलं, तर म्हणाले, “मी एवढी वर्षं थांबलो, त्यात काय.” अर्पण म्हणून त्यांनी नऊ वेगळी पाकिटं आणली होती. प्रत्येकावर पेन्सिलीने एक ते नऊ.

नोंदवहीचे रकाने ठरलेले आहेत: क्रमांक, कुणासाठी, कुणी सांगितली, अर्पण, ठरलेली तारीख, झाल्याची तारीख, सही. ‘कुणासाठी’ हा रकाना सर्वांत रुंद. लोक त्यात आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांना कोंबतात. त्यात मी खांबाचा आकडा, तारीख आणि वेळ लिहिली. नऊदा. अक्षर नेहमीपेक्षा सावकाश आलं. तिसऱ्या ओळीची वेळ पहाटे पाच चाळीस होती, आणि मला उगाच वाटून गेलं की तेव्हा अंधार असणार.

जानेवारीतली पहिली मिस्सा सकाळी साडेसहाची. जेमतेम दहा-बारा माणसं. ते नेहमीप्रमाणे मागे. फादरांनी मृतांसाठीची खास मिस्सा घेतली नाही, त्या दिवसाची साधीच घेतली. कारण मला नंतर कळलं. वेदीवरची जी चौथी मोठी प्रार्थना आहे, तिची सुरुवात तिची स्वतःची असते. ती बदलता येत नाही, म्हणून मृतांच्या मिस्सेच्या सुरुवातीशी तिची जोडी बसत नाही. फादरांना तीच प्रार्थना हवी होती. तिच्यात मृत व्यक्तीचं नाव घालायला जागाच नाही. त्याऐवजी एक ओळ आहे: ज्यांची श्रद्धा केवळ तुलाच ठाऊक होती, अशा सर्व मृतांची आठवण ठेव.

ही ओळ मी शेकडो वेळा ऐकली असेन, बहुतेक वेळा मनात ऑफिसच्या चाव्या कुठे ठेवल्या याचा विचार करत.

मिस्सा संपल्यावर ते थांबले नाहीत. मी साक्रिस्तीत, म्हणजे वेदीशेजारच्या तयारीच्या खोलीत, जाऊन नोंदवही पुढे केली, फादरांनी सही केली. पुढच्या आठवड्यात दुसरी, मग तिसरी.

चौथीच्या आदल्या दिवशी फोन आला. “ताई, चूक झालीय. जुनी डायरी सापडली, त्यात पाहिलं. चौथी ओळ, त्रेचाळीस भागिले सात लिहिलंय ना? सात नाही, नऊ.”

नोंदवहीत खाडाखोड करायची नसते. चुकलेल्यावर एकच रेघ मारायची, वर बरोबर लिहायचं, बाजूला सही. मी तसं केलं आणि त्यांना वाचून दाखवलं.

“आणखी काही?”

“नाही. बाकीचे बरोबर आहेत.”