भूकंप सांगून येत नाही, मग तयारी कशाची करायची?

भूकंपाचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. कधी येणार ते माहीत नाही, थांबवता येत नाही, मग आधीपासून जीव कशाला टांगणीला लावायचा? तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून हे सविस्तर उत्तर.

प्रश्नातला पहिला भाग अगदी खरा आहे. अमुक तारखेला, अमुक गावी, इतक्या तीव्रतेचा भूकंप होणार हे आज जगात कोणालाच सांगता येत नाही. तसा मेसेज आला तर पुढे न पाठवता काढून टाका. काही देशांत फोनवर इशारा येतो, पण ते भाकीत नव्हे. भूकंप तेव्हा सुरू झालेला असतो. त्याच्या पहिल्या, हलक्या लाटा सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर धावतात आणि जोराने हलवणाऱ्या लाटा साडेतीनच्या आसपास. केंद्र १०० किलोमीटरवर असेल तर दोन्हींमध्ये बारा-एक सेकंदांचं अंतर पडतं, त्यातली काही यंत्रणेतच जातात. उरलेल्या वेळात टेबलाखाली जाता येतं, बाकी काही नाही. आणि केंद्राजवळ राहणाऱ्याला तेवढेही मिळत नाहीत.

दुसरा भाग मात्र मला मान्य नाही. डोंगरउतार आणि समुद्रकिनारा सोडला, तर नुसत्या हलणाऱ्या जमिनीने माणूस सहसा मरत नाही. मोकळ्या माळावर उभ्या माणसाला मोठा भूकंपही फार तर खाली पाडतो. जीव जातो तो छपराने, भिंतीने, कपाटाने, नंतर लागणाऱ्या आगीने. हे सगळं कुठे आहे ते आपल्याला आजच दिसतंय आणि त्यातलं बरंचसं आपल्या हातातलं आहे.

सुरुवात पलंगापासून करा. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी झाला. किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमारास, जपानात कोबेचा १७ जानेवारी १९९५ ला ५ वाजून ४६ मिनिटांनी, तुर्कीतला ६ फेब्रुवारी २०२३ ला ४ वाजून १७ मिनिटांनी. भूकंप पहाटेच येतात असं नाही, भूजचा सकाळी पावणेनऊला आला. पण आयुष्याचा तिसरा हिस्सा आपण अंथरुणात असतो, आणि सगळ्यात असहाय तिथेच असतो. म्हणून एकदा पलंगावर आडवे व्हा आणि डोक्यावर, बाजूला काय आहे ते पाहा. उशीच्या वरची काचेची तसबीर, फळीवरची पितळी मूर्ती, माळ्यावरची बॅग आजच हलवा. कपाट पलंगापासून त्याच्या उंचीपेक्षा कमी अंतरावर असेल, तर ते तुमच्यावर पडू शकतं. पलंग खिडकीला चिकटलेला असेल तर सरकवा.

आता एक कापडी पिशवी घ्या. त्यात जाड तळव्याचे बूट आणि टॉर्च ठेवा, आणि ती पलंगाच्या पायाला बांधा. नुसती खाली ठेवलीत तर हादऱ्यात सरकून भलतीकडे जाते, आणि अंधारात काचांवरून अनवाणी शोधत फिरायची वेळ येते. भूकंपानंतर तळपायाला काच लागणं ही नेहमीची जखम आहे. पाय कापलेला माणूस मुलांना उचलून जिना उतरू शकत नाही.

यानंतर कपाट. इथे जरा थांबायला हवं, कारण सगळ्यात घट्ट गैरसमज इथेच आहे: ‘एवढं भरलेलं जड कपाट कशाला पडतंय?’ कपाट कलंडेल का हे वजनावर ठरत नाही. वजन जितकं जास्त, तितकाच त्याला बसणारा आडवा जोरही जास्त, त्यामुळे हिशोबातून वजन उडून जातं. उरतो तो आकार. कपाटाची खोली उंचीने भागा. ४० सेंटिमीटर खोल आणि २ मीटर उंच असेल तर उत्तर येतं ०.२. म्हणजे जमिनीचा आडवा धक्का गुरुत्वाकर्षणाच्या एक पंचमांशावर गेला की कपाट तळ उचलू लागतं. मोठ्या भूकंपाच्या जवळ याच्या दुप्पट-तिपटीचे धक्के नोंदले गेले आहेत. जड सामान खालच्या कप्प्यात ठेवल्याने थोडा फरक पडतो, पण भिंतीला बांधण्याला पर्याय नाही.

बांधायचं ते वरच्या टोकाला, दोन्ही कोपऱ्यांजवळ, एल आकाराच्या लोखंडी पट्ट्यांनी. आधी भिंत ओळखा. विटांची किंवा काँक्रीटची असेल तर ८ मिलिमीटरचं भोक, त्यात प्लास्टिकची गिट्टी आणि ६५ ते ७५ मिलिमीटर लांब स्क्रू. चूक होते ती इथे: छोटा स्क्रू नुसत्या प्लॅस्टरमध्ये बसतो. हाताला घट्ट लागतो, पण पहिल्या हिसक्यात प्लॅस्टरच्या खपलीसकट बाहेर येतो. प्लॅस्टरच्या मागे, खऱ्या विटेत, निदान ४० मिलिमीटर स्क्रू गेला पाहिजे. भोक विटांच्या सांध्यात पाडू नका, आणि गिट्टी घालण्याआधी भोकातली भुकटी फुंकून काढा, नाहीतर गिट्टी आत फिरत राहते. हलक्या किंवा पोकळ ब्लॉकची भिंत असेल तर साधी गिट्टी धरत नाही, ब्लॉकसाठीची खास गिट्टी किंवा केमिकल अँकर (भोकात रासायनिक गोंद भरून बसवलेला बोल्ट) लागतो. जिप्सम बोर्डाची असेल तर मागचा उभा सांगाडा शोधून त्यातच स्क्रू मारा. बोर्डातले स्क्रू सांगाड्यातच गेलेले असतात, म्हणून भिंतीवर लोहचुंबक फिरवलं की तो सापडतो.

दुसरी चूक कपाटाच्या बाजूला होते. पट्टी मागच्या पातळ प्लायला ठोकली जाते आणि हादऱ्यात प्लाय फाटून कपाट सुटतं. पट्टी वरच्या जाड फळीला किंवा बाजूच्या उभ्या फळीला हवी. लोखंडी कपाटाला वरच्या पत्र्यातून नट-बोल्ट आणि दोन्ही बाजूंनी रुंद वॉशर. एकावर एक ठेवलेली दोन कपाटं असतील तर ती आधी एकमेकांना जोडा. काम झालं की दोन्ही हातांनी वरचा भाग जोरात ढकलून पाहा. हललं, तर पुन्हा करा.

बाकीची कामं पटकन उरकतात. टीव्हीला मागून पट्टा, स्वयंपाकघरातल्या वरच्या कपाटांना कडी, गॅस सिलिंडरला भिंतीतल्या कडीतून साखळी.

हादरे सुरू झाल्यावर काय करायचं? खाली बसा, मजबूत टेबलाखाली जाऊन डोकं आणि मान झाका, आणि टेबलाचा पाय धरून ठेवा, कारण टेबल सरकतं. टेबल नसेल तर खिडकीपासून दूर, आतल्या भिंतीशी बसून हातांनी डोकं-मान झाका. पलंगावर असाल तर तिथेच पालथे होऊन उशी डोक्यावर घ्या. चौकटीत उभं राहू नका, आजच्या घरांत चौकट इतर भागापेक्षा मजबूत नसते आणि दार हातावर आपटतं. जिन्याकडे धावू नका. धावणारा माणूस पडतो, आणि दाराबाहेरच सज्जा, कठडा, काचा कोसळतात. याला एक अपवाद मानावा लागतो: दगड-मातीचं किंवा कच्च्या विटांचं जड छपराचं घर, तुम्ही तळमजल्यावर दाराशी आणि बाहेर मोकळं अंगण. तिथे दोन-चार सेकंदांत बाहेर पडता येत असेल तर पडा. समुद्रकाठी असाल आणि हादरे जोराचे किंवा वीस सेकंदांहून जास्त वेळ चालले, तर ते थांबताच उंचावर निघा. सूचनेची वाट पाहू नका.

कपाटं बांधली तरी घरच कमकुवत असेल तर? हा प्रश्न जास्त जड आहे आणि त्याला स्वस्त उत्तर नाही. किल्लारीत भिंती जाड होत्या, पण आतले आणि बाहेरचे दगड एकमेकांत गुंतलेले नव्हते. दोन थर वेगळे फुगले आणि वरचं मातीचं धाबं खाली आलं. अशा भिंतीत ठरावीक अंतराने आरपार जाणारे दगड आणि दारा-खिडक्यांच्या वर सगळ्या भिंतींना बांधणारा सलग पट्टा लागतो. भूजच्या वेळी २०० किलोमीटरहून लांब असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती पडल्या. त्यांतल्या अनेकींच्या तळाला पार्किंगसाठी नुसते खांब होते आणि वरचे मजले भिंतींनी भरलेले. अशा इमारतीत सगळी हालचाल तळमजल्यावरच होते. तुमची इमारत अशी असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

नवीन बांधकाम चालू असेल तर काँक्रीट ओतण्याआधी स्वतः जाऊन कॉलमच्या रिंगा, म्हणजे उभ्या सळयांभोवती गुंडाळलेल्या आडव्या सळया, पाहा. रिंगेची टोकं काटकोनात वळवलेली असतील तर काम थांबवा. बाहेरचं काँक्रीट सोलून निघालं की असा हुक, म्हणजे वळवलेलं टोक, उघडतो आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. टोक १३५ अंशांत, कॉलमच्या गाभ्यात वळलेलं हवं, ८ मिलिमीटरच्या रिंगेला साधारण ७५ मिलिमीटर लांब. बीम-कॉलमच्या जोडाजवळ दोन रिंगांमध्ये १०० मिलिमीटरपेक्षा जास्त अंतर नको. सळई बांधणाऱ्याला हा हुक वाकवायला जड जातो, म्हणून कोणी पाहत नसलं की तो काटकोनात राहतो.

हादरे थांबले की आधी बूट, मग टॉर्च. गॅसचा वास आला तर काडी नाही, विजेचं बटण चालू नाही आणि बंदही नाही. दारं-खिडक्या उघडा, रेग्युलेटर किंवा नळ बंद करा, बाहेर पडा. पाइपचा गॅस एकदा बंद केला की तो पुन्हा सुरू करायला कंपनीच्याच माणसाला बोलवा. वास नसेल तर घर सोडताना विजेचा मेन स्विच बंद करा. कोबेत वीज परत आली तेव्हा पडलेल्या हीटरांनी आणि तुटलेल्या वायरींनी आगी लागल्या, आणि तोवर घरात कोणी नव्हतं. फोन करू नका, एसएमएस पाठवा. कॉल अडकतो तिथेही तो पोचतो. एका लांबच्या गावातल्या नातेवाइकाचा नंबर सगळ्यांनी पाठ ठेवावा आणि सगळ्यांनी त्यालाच कळवावं.

नंतरचे धक्के येणारच. त्यांची संख्या झपाट्याने घटते, दहाव्या दिवशी पहिल्या दिवसाच्या साधारण दहावा हिस्सा. पण मोठा धक्का उशिराही येऊ शकतो. नेपाळमध्ये २५ एप्रिल २०१५ च्या ७.८ तीव्रतेच्या भूकंपानंतर १२ मे ला ७.३ चा आला. तुर्कीत तर नऊ तासांत ७.५ चा. त्यामुळे भेगा पडलेल्या घरात ‘पाच मिनिटांत सामान घेऊन येतो’ म्हणून जाऊ नका.

आणि पाणी. माणशी दिवसाला ४ लिटर धरा. चौघांना तीन दिवस म्हणजे ४८ लिटर, दोन आठवडे म्हणजे २२४. तीन दिवसांचं तरी आज भरून ठेवा, जमेल तसं वाढवा. टाकी गच्चीवर असेल तर हादऱ्यांनंतर तिचा खालचा व्हॉल्व्ह बंद करा, नाहीतर तुटलेल्या पाइपातून ती रिकामी होते. पाण्याची शंका आली तर उकळा. इंधन नसेल तर बिनवासाचा, ५ ते ६ टक्क्यांचा ब्लीच लिटरला २ थेंब, गढूळ असेल तर गाळून ४, आणि अर्धा तास थांबा. मैलावाहिनी फुटलेली असू शकते, म्हणून संडासात पाणी ओतू नका. दोन झाकणाच्या बादल्या ठेवा, एक लघवीसाठी, दुसरी शौचासाठी. दुसरीत प्रत्येक वेळी वरून भुसा किंवा कोरडी माती टाका. दोन्ही एकत्र केलं की घाण आणि वास आवरत नाही.

भरलेल्या कॅनवर तारीख लिहा आणि दर सहा महिन्यांनी पाणी बदला. त्याच दिवशी कपाटाच्या पट्ट्या हलवून पाहा, टॉर्चचे सेल आणि औषधांच्या तारखा तपासा. पलंगाच्या पायाला बांधलेली पिशवीही सोडून बघा, कारण सहा महिन्यांत मुलांचे पाय वाढलेले असतात आणि आतले बूट त्यांना होत नाहीत.