मारुतीच्या कुठवर पाणी?

आमचा वाडा पंचवटीत, गोदाघाटापासून चालत दहा मिनिटांवर. गेल्या वर्षी तो बिल्डरकडे गेला आणि आम्ही पाथर्डी फाट्याला फ्लॅटमध्ये आलो. महिन्याभरात आम्ही मोठी माणसं रुळलो. आठ वर्षांच्या लेकाचं मात्र रोज सकाळी शाळेच्या वेळेला पोट दुखायला लागलं. डॉक्टरांना काही सापडलं नाही. ‘काय होतंय रे?’ विचारलं की ‘काही नाही.’

माझी नणंद चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांचे क्लास घेते. ती म्हणाली, “वहिनी, प्रश्न विचारणं बंद कर. त्याला एक वही दे. रोज एक पान, जसा दिवस गेला तसं.” वर बजावलं, “ही काही आर्ट थेरपी नाही हं, त्याला शिकलेलं माणूस लागतं. ही नुसती वही.” त्या शब्दाची गोष्टही तिनेच सांगितली. एड्रियन हिल नावाचा इंग्रज चित्रकार क्षयरोगाने सॅनेटोरियममध्ये पडून होता, अंथरुणातूनच चित्रं काढायचा. हा शब्द त्याने 1942 मध्ये वापरात आणला.

मी उत्साहाने मेन रोडला गेले आणि जाड कागदाची, पुठ्ठ्याच्या बांधणीची 600 रुपयांची स्केचबुक घेऊन आले. चार दिवस ती कोरी. पाचव्या दिवशी दोन डोंगर, मधून सूर्य, खाली घर, नारळाचं झाड. थोडक्यात, शाळेतल्या बाईंना आवडतं ते चित्र. महागाची वही खराब होईल म्हणून पोरगं घाबरलं होतं, हे मला आत्याबाई हसल्या तेव्हा कळलं.

मग आम्ही वही घरीच केली. झेरॉक्सच्या दुकानातून एका बाजूने छापलेले रद्दी कागद आणले. पातळ कागदाला पाणी लागलं की तो सुरकुततो, म्हणून दोन-दोन कागद, छापील बाजू आत ठेवून, कणकेच्या खळीने चिकटवले आणि रात्रभर पाट्याखाली दाबले. सकाळी दुमडले, घडीवर दाभणाने तीन भोकं पाडली आणि गोधडीच्या दोऱ्याने शिवले. कव्हर जुन्या कॅलेंडरचं. वहीला खळीचा आंबूस वास यायचा. त्याला तो आवडायचा, मला नाही.

पहिल्याच आठवड्यात त्याने एक पान काळ्या तेलखडूने भरलं. मी लगेच, “ढग आहेत का रे?” तो म्हणाला, “हो.” ते ढग नव्हते, आईचं समाधान करायला दिलेलं उत्तर होतं ते. तेव्हापासून ‘हे काय आहे?’ बंद. ‘छान!’ पण बंद, कारण छान म्हटलं की दुसऱ्या दिवशी तसंच आणखी एक निघतं. दिसेल तेवढंच बोलायचं: “इथे इतकं जोरात घासलंस की कागद फाटलाय.” यावर तो पाच मिनिटं गप्प होता. मग म्हणाला, “बसमध्ये माझ्या शेजारी कुणी बसत नाही.”

दुसरी अडचण शब्दांची. त्याच्याकडे दोनच होते, ‘मस्त’ आणि ‘बोअर’. रात्री अंथरुणात आम्ही शब्द गोळा करायला लागलो: खट्टू, हिरमुसलेला, धाकधूक, हुरहूर, कानकोंडा, फुरंगटणे. आपल्या भाषेत किती आहेत आणि आपण किती कमी वापरतो! प्रत्येकाला त्याने रंग दिला. धाकधूक पिवळी, दातेरी. हिरमुसलेला म्हणजे पाणी घालून फिका केलेला जांभळा. ‘कानकोंडा’ला अजून रंग सापडलेला नाही.

पण खरी किल्ली त्याचीच. नाशिकला गोदेचा पूर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून मोजतात. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की सगळं नाशिक एकच विचारतं: मारुतीच्या कुठवर आलं? वाड्यात असताना आजोबांचा हात धरून तो ते बघायला जायचा. एका पानावर त्याने मारुती काढला आणि कमरेपर्यंत निळं रंगवलं. दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत. मी काही विचारलं नाही, चहा ठेवता ठेवता नुसतं म्हटलं, “आज छातीपर्यंत?”

“प्रार्थनेच्या वेळी गळ्यापर्यंत होतं. डबा खाताना उतरलं.”

आता आमच्या घरात हेच माप चालतं. पोटदुखी लगेच गेली असं नाही. दिवाळीपर्यंत थांबली नाही तर समुपदेशकाकडे जायचं आम्ही ठरवून टाकलं होतं. दसऱ्याच्या सुमारास ती कमी झाली, आता एखाद्या सोमवारीच येते.

परवा माझा ऑफिसातला दिवस फार वाईट गेला. पर्स टाकून मी सोफ्यावर बसले. तो वही घेऊन आला, मारुतीची नुसती रेघ काढून निळा खडू माझ्या हातात दिला. मी खांद्यापर्यंत रंगवलं. त्याने बघितलं आणि आजोबांच्या सुरात विचारलं, “किती क्युसेक सोडलंय?”