मळीच्या टाकीत माणूस उतरवण्याचं परमिट: माझा अनुभव

गव्हाण (कारखान्यात ऊस टाकायची जागा) थांबली, म्हणजे गाळप संपलं, की कोल्हापूर पट्ट्यातल्या साखर कारखान्यांत फिटर-वेल्डरचा हंगाम सुरू होतो. पावसाच्या आत मळीच्या टाक्या धुवायच्या, इव्हॅपोरेटरच्या, म्हणजे रस आटवायच्या भांड्यांच्या, बॉडीतल्या नळ्या घासायच्या, ईटीपीच्या (सांडपाणी शुद्धीकरणाच्या) संपातला, म्हणजे खड्ड्यातला, गाळ काढायचा. असल्या कामांची परमिटं माझ्या सहीनं निघतात, म्हणून ती कशी निघतात आणि कुठं अडतात ते लिहितो.

कारखाने अधिनियम 1948 मधलं कलम 36 सरळ होतं. बंदिस्त जागेत घातक वायू असण्याची शक्यता असेल, तर माणूस शिरण्याजोगं मॅनहोल हवं आणि वायू काढायचे शक्य ते सगळे उपाय झालेले हवेत. त्यानंतर दोनपैकी एक: सक्षम व्यक्तीनं तपासणी करून दिलेला लेखी दाखला, नाहीतर उतरणाऱ्याच्या तोंडावर श्वसनयंत्र, अंगाला दोरीचा पट्टा आणि दोरीचं दुसरं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात. नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याच्या जागी व्यावसायिक सुरक्षा संहिता 2020 लागू झाली. कायदा बदलला, टाकीतली हवा तीच आहे.

ठेकेदाराची समजूत अशी की परमिट टाकीचं असतं. एकदा सही झाली की टाकी मोकळी. प्रत्यक्षात ते परमिट त्या वेळच्या हवेचं असतं. जेवणाची सुट्टी झाली, ब्लोअर बंद पडला, गाळ ढवळला किंवा टाकीत पाणी मारलं, की सकाळचा आकडा रद्द आणि मोजणी पुन्हा.

मळीच्या टाकीत हेच सगळ्यात जास्त नडतं. तळाला राहिलेली मळी घट्ट असते तोवर फारसं काही करत नाही. धुण्यासाठी पाणी मारलं की ती पातळ होऊन आंबते आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो. तो हवेच्या दीडपट जड, म्हणून तळाशी साचतो. त्याला वास नसतो. "साहेब, वास न्हाई काय न्हाई, दोन मिंटात येतो की!" हे वाक्य इथंच ऐकायला मिळतं.

दुसरा घोळ वायू मोजायच्या मीटरचा. कारखान्यात असतो तो चार वायूंचा: ऑक्सिजन, ज्वलनशील वायू, हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन मोनॉक्साइड. कार्बन डायऑक्साइड त्याला दिसतच नाही. लोक म्हणतात, ऑक्सिजन घटला की कळेलच. हिशोब करून बघा. हवेत 4 टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळला, म्हणजे जिवावर बेतण्याइतका, तरी ऑक्सिजन 20.9 वरून जेमतेम 20 वर येतो. मीटरचा अलार्म 19.5 ला लावलेला असतो. म्हणजे माणूस धोक्यात आणि मीटर गप्प. म्हणून मळीच्या टाकीला कार्बन डायऑक्साइडचा वेगळा सेन्सर असलेला मीटर आल्याशिवाय मी परमिट लिहीत नाही, मग ठेकेदार कितीही चरफडो.

मीटर मोकळ्या हवेत शून्य करायचा, मॅनहोलच्या तोंडाशी नाही. रोज सकाळी टेस्ट गॅस देऊन सेन्सर जागा आहे ना ते बघायचं. मीटरची नळी आत सोडून वर, मध्ये आणि तळाला अशा तीन ठिकाणी मोजायचं आणि नळीच्या दर मीटरला निदान 10 सेकंद थांबायचं. पाच मीटर नळी सोडून लगेच आकडा वाचला तर तो टाकीतल्या हवेचा नसतो, नळीत आधीच असलेल्या हवेचा असतो.

ब्लोअरचंही गणित मांडावं लागतं. ईटीपीचा 4 बाय 3 बाय 3 मीटरचा संप म्हणजे 36 घनमीटर. तासाला 1500 घनमीटरचा ब्लोअर तिथं तासात चाळीसेक वेळा हवा बदलतो, पंधरा-वीस मिनिटं आधी चालवला की काम होतं. तोच ब्लोअर 20 मीटर व्यासाच्या, 8 मीटर उंच मळीच्या टाकीला लावला तर आतली हवा अडीच हजार घनमीटर. एकदा बदलायलाच पावणेदोन तास. तिथं वरचं आणि खालचं, दोन्ही मॅनहोल आधीपासून उघडी ठेवून मोठे ब्लोअर लागतात. डक्ट (ब्लोअरची हवा नेणारा जाड पाइप) तळापर्यंत न्यायचा, मॅनहोलवर नुसता टेकवून उपयोग नाही. हवा ओढायचं तोंड जनरेटरच्या धुरापासून लांब. आणि हवा ताजी करायला ऑक्सिजनचा सिलिंडर कधीही आत सोडायचा नाही. कपड्याला ठिणगी लागली तर विझवता येत नाही.

ईटीपीच्या संपात भीती हायड्रोजन सल्फाइडची. गाळ शांत असताना मीटर शून्य दाखवतो आणि पहिला फावडा मारला की वायू सुटतो. कुजक्या अंड्याचा वास शंभर पीपीएमच्या (दहा लाख भागांत शंभर भाग) आसपास नाकाला यायचाच थांबतो, म्हणून वास गेला म्हणजे वायू गेला असं धरायचं नाही. इथं मीटर उतरणाऱ्याच्या छातीला चालू हवा, अलार्म 10 पीपीएमला.

इव्हॅपोरेटरच्या बॉडीत वायूपेक्षा वाफेची भीती. शेजारची बॉडी चालू असेल तर नुसता व्हॉल्व्ह बंद करून भागत नाही, फ्लँजमध्ये (पाइपच्या जोडात) ब्लाइंड, म्हणजे बिनभोकाची पत्र्याची चकती, घालायची.

दिव्यासाठी जुन्या कायद्यात कलम 36ए होतं: बंदिस्त जागेत 24 व्होल्टच्या वरचा हातदिवा किंवा विजेचं हत्यार, पुरेशी सुरक्षा साधनं नसतील तर चालत नसे. ट्रान्सफॉर्मर बाहेरच ठेवायचा. तो आत नेला की 230 व्होल्टची वायरही आत गेली. ग्राइंडर लागणारच असेल तर 30 मिलिअँपिअरचा ईएलसीबी (वीज गळली की लगेच बंद करणारा स्विच), आणि त्याचं टेस्ट बटण माझ्यासमोर दाबून दाखवायचं.

पट्टा कमरेचा चालत नाही. बेशुद्ध माणूस कमरेतून उचलला की दुमडतो आणि मॅनहोलमधून निघत नाही. पूर्ण हार्नेस (खांदे-मांड्यांना बांधायचे पट्टे) हवा, दोरी पाठीच्या वरच्या कडीला. वरच्या मॅनहोलला ट्रायपॉड (तिपाई) आणि विंच (दोरी गुंडाळून वर ओढायचं चाक). खालच्या मॅनहोलला ट्रायपॉडचा काही उपयोग नाही, तिथं आडवं ओढून काढायची तयारी आधीच करून ठेवायची. बाहेरच्या माणसानं जागा सोडायची नाही आणि आतला पडला तरी श्वसनयंत्राशिवाय आत शिरायचं नाही. हे मी त्याच्याकडून परमिट देण्याआधी मोठ्यानं वदवून घेतो.

काम संपल्यावर फळ्यावरची आत गेलेली नावं आणि बाहेर आलेली माणसं जुळवायची, ब्लाइंडवर रंगवलेले नंबर यादीशी ताडून त्या काढायच्या, मग परमिटवर रद्दची सही. एक प्रत ठेकेदाराला, दुसरी माझ्या फाइलला. फॅक्टरी इन्स्पेक्टर आले तर मोजणीच्या वेळा आणि आकडे त्याच कागदावर दाखवता येतात.