पापुद्र्याखालचा पांढरा

दुरंगी प्लास्टिकचा काळेपणा वरवरचाच असतो. शीट दीड मिलिमीटरची, त्यावर काळा पापुद्रा एक-दोन दशांश मिलिमीटरचा, बाकी गाभा पांढरा. पापुद्रा खरवडला की खालून पांढरं अक्षर निघतं. ना रंग भरायचा, ना तो उडायची धास्ती. रोज ओल्या फडक्याने पुसली तरी पाटी वाचता येते.

टेबलावरच्या अशा पाट्या मी घरच्या सीएनसी राउटरवर, म्हणजे संगणकाच्या हुकमाने कोरणाऱ्या यंत्रावर कोरतो. ३०१८ मॉडेल, म्हणजे ३०० बाय १८० मिलिमीटरचा बेड, शीट ठेवायची जागा. पाटीला पुष्कळ झाला. पण स्वस्तातलं यंत्र, बेड नावालाच सपाट. लाकडात थोडं इकडेतिकडे झालं तर कोण बघतंय? इथे साठ अंशांचा व्ही-बिट (टोकाला निमुळती कोरणी) ०.३ मिलिमीटर खोल गेला तर रेघ साधारण ०.३५ मिलिमीटर रुंद येते, आणि ०.१ वर राहिला तर पापुद्रा धड फुटतही नाही. ‘खजिनदार’ची शिरोरेषा ‘ख’वर ठसठशीत, ‘र’पर्यंत पोचेतो गायब! म्हणून बेडवर एमडीएफचा, म्हणजे दाबून केलेल्या लाकडी फळीचा तुकडा बसवून तो त्याच राउटरने आधी सपाट करून घ्यायचा. मग बिटखाली कागदाचा कपटा सरकवत झेडचा, म्हणजे खाली-वर सरकण्याच्या मापाचा शून्य लावायचा. गंमत म्हणजे साधा कागदच ०.१ मिलिमीटरच्या आसपास असतो, त्यामुळे त्याचीही जाडी हिशेबात धरावी लागते.

देवनागरीचं लचांड वेगळंच. फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर आपली शिरोरेषा घेऊन येतं आणि ती शेजाऱ्यावर जराशी चढलेली असते. पडद्यावर सगळं अखंड दिसतं. यंत्र मात्र एकेका अक्षराची कड इमानेइतबारे कोरतं, आणि जोडांच्या जागी उभ्या चिरा पडतात. इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरांचे पाथ (बाह्यरेषा) करून युनियन दिलं, म्हणजे त्या एकात एक जोडल्या, की मिटलं. इंग्रजी पाट्या करणाऱ्यांना हा ताप सहसा नसतो.

बिट रेंगाळलेला चालत नाही. प्लास्टिक कापलं जायचं सोडून वितळतं आणि बिटलाच गुंडाळतं. वेग जमला की ओल्या नारळाच्या चवासारखा कीस पडत राहतो. तो नंतर शर्टाला, पडद्यांना, कशालाही चिकटतो आणि झटकून जात नाही.

पाटीवर पद घालावं, नाव घालू नये, असं माझं मत. सोसायटीची समिती पाच वर्षांसाठी असते, प्लास्टिक त्याहून टिकतं. सागवानी पट्टीत तिरकी खाच पाडून पाटी नुसती खोचून ठेवायची. आमच्या सोसायटीसाठी ‘अध्यक्ष’ आणि ‘खजिनदार’ दिल्या. ‘सचिव’ही कोरून तयार आहे, पण तिच्यामागे बसायला कुणी राजी होत नाहीये.